शेषरावांचं नाक

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मी अकोल्याच्या एका दवाखान्यात नाकाला रुमाल लावून नंबरची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर घरमालक शेषराव आणि दुकानदार रहमतुल्ला बोलत होते.

"नाकाले काय झालं, शेषरावभाऊ?"

"वासच गेला. दिवाळीत सर्दी झाली, तवापासून नाक बंद."

"पूरा गेला?"

"पूरा. परवा वरणात घासलेट सांडलं. घरचे सारे ताटावरून उठले, मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं."

"या अल्ला! तोंडालेबी समजलं नाही?"

"डॉक्टर म्हणते, जिभेले आंबट-खारट तेवढं समजते. बाकीची चव म्हणजे वासच, तो घशामागून नाकात चढते. तिथली नसच मेली तं जीभ काय करंन?"

"बरं, तुमची खोली रिकामी हाय ना? माह्या पोराच्या शाळेतले देवमन मास्तर घर पाहून राहिले."

"कालच येऊन गेले. मी नाही म्हटलं."

"कावून? माणूस तं चांगला हाय."

"हाय ना. पण दीक्षा घेतली, बुद्ध झाले, तरी आधी कोण होते ते मले का माहीत नाही? दारात उभे राहिले तसाच भपकारा आला."

"कायचा?"

"त्यायच्या अंगाचा. तो का धर्म बदलला म्हणून जाते?"

"अस्सं. मंग माह्या अंगाले कायचा वास येऊन राहिला?"

"तुमच्या? कायचाच नाही."

"सकाळी दुकानात माह्या अंगावर हिन्याच्या अत्तराची बरणी फुटली, भाऊ. पाहा जरा, सारा दवाखाना नाक दाबून बसला."