सुनागावाबाईंच्या बांधातली सापसुरळी

अध्यक्षा अरुणाताई, व्यासपीठावरचे पाहुणे रविकांतजी, सत्कारमूर्ती डॉक्टर संजीवराव, केतकीवहिनी आणि माझ्या हातचं खाऊन कधी तक्रार न केलेल्या कोबेकर मंडळींनो,

संजीवरावांना पुण्यात मोठी जागा मिळाली, याचा आनंद कुणाला नाही? मी इथे भांडी घासत वर आलेला हॉटेलवाला. त्यांच्या संशोधनावर काय बोलणार? पण थोडं बोलतो.

जपानच्या पार दक्षिणेला मियाको नावाचं उबदार बेट आहे. तिथली सापसुरळी आपल्याकडच्यासारखी बोटभर नाही, चांगली हातभर. जगात त्या बाजूच्या मोजक्या बेटांवरच सापडते. पकडायला कायद्याने बंदी. संजीवराव तिच्यापायी वेडे! माझ्या हॉटेलातला गूळ त्याच बेटावरचा, सुनागावाबाईंच्या उसाचा. त्यांच्या शेताच्या दगडी बांधात या सापसुरळ्या राहायच्या. बाई परक्याला तिकडे फिरकू देत नसत. मी म्हणालो, "माझा माणूस आहे." या देशात ओळख करून देणारा जामीन असतो, हे तुम्हाला का सांगायला हवं? बाईंची अट एकच: जागा कुणाला कळता कामा नये. संजीवरावांनी माझ्यादेखत शब्द दिला.

यंदा उन्हाळ्यात बाईंचा फोन. बांध उपसून चोरांनी सापसुरळ्या नेल्या. "तुमच्या माणसाकडून तर..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "छे! त्याची हमी माझी."

त्याच आठवड्यात मी कांदा परतत होतो. काउंटरवर संजीवराव मित्राला म्हणाले, "अरे, शोधनिबंधात नकाशासकट बांधाचा फोटो टाकला, तेव्हा कुठे लोकांनी दखल घेतली. म्हातारी कुठे इंग्रजी वाचते!"

कढईचा आवाज मोठा असतो, वहिनी, पण माझे कान तिखट. कांदा करपला. तरी हसून वाढलं आणि विचारलं, "बांधाचं काही कळलं का हो?" तर म्हणाले, "नाही हो काका, दुर्दैव!" चोरांचं मला एवढं लागलं नाही. ते 'काका' लागलं.

ताई, चिठ्ठी मिळाली, आवरतो.

मंडळाने शाल दिली. माझ्याकडून ही विमानाची दोन तिकिटं. उद्या सकाळची, मियाकोची. एक माझं, बाईंच्या दारात गुडघे टेकून मी खरं सांगणार आहे. दुसऱ्यावर, संजीवराव, तुमचं नाव आहे. पुण्याचं विमान नंतरचं आहे, वहिनींना विचारून घेतलंय.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी न शोभणारं बोललो असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि संजीवराव, इथे मान खाली घालू नका. घालायची तर उद्या, तिथे.