फोटोतल्या चौघी

कॉलेज बदलायचं म्हणतेस ना? मंग आधी माझं ऐक.

मी बी जालन्याहून सेकंड इयरला पुण्यात जायचं म्हणत होते. कारण एकच, वैष्णवी. आपल्या मस्तगड भागातली, बारावीपर्यंत माझ्याच बाकावर बसायची. ती पुण्याला गेली अन् रोज तिचे फोटो यायला लागले. कँटीन, गॅदरिंग, हिच्या गळ्यात गळे घातलेल्या चार मैत्रिणी. मला वाटायचं, आपण इथं काय करून राह्यलो!

फॉर्म भरायच्या आधी कॉलेज बघायला गेल्ते. वैष्णवी मला कँटीनमधे घेऊन गेली, तर फोटोतल्या त्याच चौघी बसलेल्या.

मी म्हणलं, "चल, ओळख करून दे."

तिनं माझा हात घट्ट धरला. "नको. त्यांना माझं नाव बी माहीत न्हाई."

"अगं, फोटोत तर रोज असतेस!"

"एक फोटो काढू का, असं इचारते. त्या हो म्हणतात. मंग मी निघून जाते."

"मंग बोलतेस कोणाशी?"

"आजच बोलून राह्यले."

 जालन्यात वर्गात हिला गप्प करता करता सर दमायचे!

मी तिला ओढतच त्या टेबलापाशी नेलं. "ही माझी मैत्रीण. हिच्याशी बोलत का न्हाई तुम्ही?"

चौघी चकित. एक म्हणाली, "अगं, हीच थांबत नाही! आम्हाला वाटलं, हिला फक्त फोटो हवा असतो."

दुसरीनं वैष्णवीसाठी खुर्ची सरकवली. "बस ना. नाव काय तुझं?"

वर्षभरात पहिल्यांदा कोणी नाव इचारलं, अन् ही बया उभ्या उभ्या ढसाढसा रडायला लागली.

पुण्याचा फॉर्म मी त्याच टेबलावर भरला, पण फोटो बघून न्हाई, वैष्णवीसाठी.