गर्दीकडून मोकळ्याकडे

विद्यार्थिनी : नाही सर, मशीन बिघडलेलं नाही. पुन्हा पुन्हा तपासलं.

सर : मग तुकडा नीट घासला नसशील. कार्बन असा उलटा चढत नाही, पोरी. गर्दीकडून मोकळ्याकडे! पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो मी हे.

विद्यार्थिनी : मलाही तुम्हीच शिकवलंत. म्हणून आधी स्वतःलाच दोष दिला. पण हा आलेख बघा ना. हा पाईपचा सांधा. डावीकडे साधं पोलाद, उजवीकडे क्रोमियमवालं. कार्बन डावीकडे जास्त. तो उजवीकडे सरकून सपाट व्हायला हवा, तर सांध्याला लागून उजवीकडे हा उंचवटा आणि डावीकडे हा खड्डा.

सर : कारखान्याला दिलेल्या अहवालातल्या आलेखात असलं काही नव्हतं.

विद्यार्थिनी : कच्च्या मोजणीत होतं, सर. तुम्ही म्हणालात, "मशीनची कुरकुर आहे, रेघ गुळगुळीत कर." मी केली.

सर : म्हणजे आता खापर माझ्या डोक्यावर?

विद्यार्थिनी : खापर कुणाच्याही डोक्यावर फोडा, पण पाईप फुटायला नको.

सर : जीभ बरी चालायला लागली तुझी! अगं, एका उंचवट्यावरून एवढा कांगावा?

विद्यार्थिनी : एकावर भागत नाही, म्हणून तर दोन पोलादांचे तुकडे सांधून दुसरा जोड तयार केला, क्रोमियमचं प्रमाण बदलून. पहिल्या वेळी आपण कार्बनचा एकच गुणांक काढून मोकळे झालो. इथे दोन लागतात. कार्बन आपणहून किती सरकतो तो एक, आणि क्रोमियम त्याला किती ओढतं तो दुसरा. एका जोडावरून दोन्ही सुटत नाहीत. दोन्ही जोडांत जिथे मिश्रण अगदी सारखं येतं, तिथली समीकरणं एकत्र मांडली. ओढ भारी निघाली, सर.

सर : आण इकडे. चष्मा दे तो.

(कागद उलटल्याचा आवाज.)

सर : घरी चार माणसं आली की बाहेरची खोली ओस आणि सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने. मी चिडायचो.

विद्यार्थिनी : काकू तिथे असायच्या ना.

सर : हो. तीच तर ओढ. आणि मी आयुष्यभर पोरांना... जाऊ दे. या खड्ड्यातलं पोलाद मऊ पडणार. पाईप तिथेच दगा देणार. आपण काय लिहिलं होतं?

विद्यार्थिनी : वाढीव दाब खुशाल द्या, सांधा ठणठणीत आहे. मला भीती वाटते, सर. झोप उडालीय माझी.

सर : आज दुपारी वाढवणार आहेत दाब. आमचा दादू तिथेच ड्यूटीवर आहे. माझा फोन कुठे गेला? स्पीकर लाव... हॅलो, दादू? कुठे आहेस?

मुलगा : कुठे म्हणजे? बॉयलरपाशी. कामाच्या वेळी फोन, बाबा? बरं आहे ना?

सर : नाही. छातीत धडधडतंय. असशील तसा घरी निघ.

विद्यार्थिनी : सर! एकट्या त्यालाच?

सर : एकुलतं एक पोर आहे गं माझं.

मुलगा : कोण आहे तिथे? बाबा, खरं सांगा, काय झालंय?

सर : वाद घालू नकोस. निघ म्हटलं ना!

मुलगा : निघतो, पण वाल्व्हपाशी माणूस लागतोच. माझ्या जोडीदाराला उभं करतो. त्याचा डबा खाऊन होऊ दे फक्त.

विद्यार्थिनी : सर...

सर : ऐकलं मी.

मुलगा : काय ऐकलंत?

सर : दादू, त्याला उभं करू नकोस. कुणालाच नको. दाब वाढवू नका, आहे तोही उतरवा. सगळे लांब व्हा त्या सांध्यापासून. आणि मोठ्या साहेबांना फोन दे.

मुलगा : असं कसं थांबवतील ते? त्यांच्या टेबलावर अहवाल आहे, सगळं ठणठणीत म्हणून.

सर : माहीत आहे.

मुलगा : मग विचारतील ना, अहवाल खोटा म्हणणारा हा कोण?

सर : सांग, त्यावर ज्याची सही आहे, तोच.