आल्याच्या टोपलीतला फोन

हॅलो?… हं, बोल गं विंग-लाम. जेवलीस?… मग आवाज का असा रडवेला?… काय? पोपोचं रेकॉर्डिंग वाया? अख्खं? अगं, नवं जाकीट घालून बसली होती तुझी आजी त्यासाठी!

हो, हो… अगं ऐक ना. विद्यापीठात ऐकवणार म्हटल्यावर ती बातम्यांतल्या बाईसारखीच बोलणार. आपल्या हाँगकाँगात लिहायची भाषा एक, घरात बोलायची दुसरी. तुला हवी होती घरातली, ती लिहायची बोलली. मान राखला तुझा!

कुठला 'दे'? आपल्या घरच्या बोलीतला?… हं… आधी नुसता हातात द्यायचा… मग 'जाऊ दे'तला… आणि आता साहेबाचा ओरडा खाल्ला, तरी सांगताना आपण 'दे'च लावतो? अगबाई, खरंच की! जन्मभर बोलतेय, कधी लक्षात नाही आलं… आणि लिहिताना तिन्ही जागी निराळे शब्द. म्हणून आजीच्या तोंडी एकही 'दे' नाही… उद्याच ऐकवायचंय वर्गात? मग रडत काय बसलीस!

थांब. आई इथेच आहे, मासा लावलाय वाफेवर. रेकॉर्ड करायला तिची ना नव्हतीच कधी. केलंस सुरू? फोन आल्याच्या टोपलीत ठेवते. तू चकार शब्द काढू नकोस.

आई, झाकण काढून बघू का गं मासा?… बरं बरं, नाही काढत! हो, वाफ धरू दे… कोणाचा ओरडा खाल्लास? सासूबाईंचा? झाकण काढलं म्हणून? लग्न होऊन महिनाही नव्हता झाला?… अरेरे… काय देऊ? आलं? हे घे.

हॅलो? मिळाले 'दे'?… तिन्ही? अगं किंचाळू नकोस, ऐकेल ती… ऐकलंच. हो आई, तीच आहे. हो, चालूच आहे ते… झालं! केस सारखे करतेय बघ. घसा खाकरला. 'आदरणीय प्राध्यापकवर्य'… ऐक आता निमूट.

आई, पुरे… आई, मासा! अगं, मासा राहिला चुलीवर!… मी? मी कशी विसरले? भाषण तू ठोकत होतीस!… बरं, माझंच चुकलं. माझंच.

हसतेस काय गं? घेतलंस ना हेही? बास मग. ठेव फोन, उरलासुरला मासा तरी गरम जेवू दे आम्हाला.