भेग दोन्हीकडची

गळका नळ पिशवीत घेऊन बाई सिमेंटच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे दोन जावा हळू आवाजात बोलत होत्या, आणि हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

“मिस्त्री म्हणाला, भिंतीची भेग दोन्ही भावांच्या बाजूला गेलीय. बाहेरचं प्लास्टर अर्धंच केलं तर जोडातून पाणी शिरणार.”

“मग दोन्हीकडचं एकदमच करायला सांगा ना, जाऊबाई.”

“सांगते गं. पण आमचाच मिस्त्री तुमच्याकडे येतोय हे भाऊजींना कळलं तर?”

“आमचे हे त्याला फाटकातूनच परत पाठवतील. बोलणं बंद झाल्यापासून तुमच्या भिंतीकडे मान वर करून बघत नाहीत.”

“आमचे तरी कुठे कमी आहेत? म्हणून म्हणते, तुमच्याकडे त्याने दुसरं नाव सांगावं.”

“आणि तोंड?”

“टोपी घालेल.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर सारला.

“प्लास्टरचं ना? ते कालच ठरलं. तुमचे धाकटे त्यांच्या मिस्त्रीला घेऊन इथे आले होते.”

“आमचे हे?”

“हो. म्हणाले, दोन्ही बाजू कर, पण आधी दादाची. त्याच्या खिडकीवरचा थर पोकळ झालाय, कधीतरी डोक्यात पडेल त्याच्या.”

बाईंनी नळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. धाकटी जाऊ गल्ल्याजवळ सरकली.

“आणखी काय म्हणाले?”

“घरी बोलू नका म्हणाले. आणि मिस्त्रीला बजावलं, दादाकडे जाताना टोपी घाल.”