तू चालेल म्हणालीस

प्रमुख : आता ऐन वेळी पलटी खाऊ नकोस. तू चालेल म्हणालीस. भर बैठकीत.

तपासनीस : सर, तुम्ही विचारलंत, झडपेची थंडीतली चाचणी पुढे ढकलली तर चालेल का? मी म्हटलं, चालेल. मला वाटलं, चाचणी पुढे म्हणजे उड्डाणही पुढे.

प्रमुख : उड्डाणाचं नाव तरी काढलं का मी?

तपासनीस : नाही काढलंत. आणि मी मूर्खासारखी विचारायची राहिले. तेवढ्यात तुम्ही झडप यानात बसवून मोकळे झालात!

प्रमुख : बसवली, कारण ती चालते. इथं टेबलावर उघडताना-मिटताना तूच पाहिलीस.

तपासनीस : टेबलावर, सर! पंख्याखाली! तिच्याच जोडीची झडप शीतपेटीत अडकली होती, विसरलात?

प्रमुख : दुसऱ्या खेपेला उघडली ना?

तपासनीस : का अडकली ते कळलं नाही आणि का उघडली तेही कळलं नाही. वर ती उघडली नाही, तर परतीचं इंजिन पेटणार नाही. आत बसलेला माणूस वरच राहील.

प्रमुख : हळू बोल. बाहेर लोक आहेत... अगं, मला काय हौस आहे? झडप काढायची म्हणजे यानाचा अख्खा वरचा भाग उतरवायचा. तारीख आधीच दोनदा बदलली. रोज वरून फोन येतो, रोज मी शिव्या खातो. या वेळी हुकलं तर प्रकल्प गुंडाळतील. तुला हाताला धरून मी इथं आणलं, तुला सगळं माहीत आहे.

तपासनीस : म्हणूनच तुमच्याशी बोलतेय. दुसरं कोणी असतं तर सरळ उद्याच्या बैठकीतच नाही म्हटलं असतं.

प्रमुख : स्पष्ट विचारू? भाऊ जातोय म्हणून जीव खालीवर होतोय ना तुझा?

तपासनीस : होणारच. पाठचा भाऊ आहे माझा.

प्रमुख : मग त्याला उतरवतो. कान दुखतोय म्हणू. त्याच्या जागी राखीव मुलगी जाईल, तीही तयारीची आहे. तू फक्त उद्या बैठकीत हो म्हण.

तपासनीस : डॉक्टर ऐकतील?

प्रमुख : डॉक्टरांचं माझ्याकडे लागलं.

(दारावर टकटक. तिचा धाकटा भाऊ डोकावतो, अंगात उड्डाणाचा पोशाख.)

धाकटा : येऊ का सर? ताईला न्यायला आलोय. उपाशीपोटी सगळ्यांची डोकी खाते ही.

प्रमुख : ये, ये. तुम्ही बोला. मी एक फोन करून येतो.

धाकटा : सरांचं काय बिनसलंय? पाहिलंसुद्धा नाही माझ्याकडे.

तपासनीस : तुझा कान दुखतोय.

धाकटा : माझा? ठणठणीत आहे की!

तपासनीस : दुखतोय म्हटलं ना! एकदा तरी मुकाट्यानं ऐकत जा!

धाकटा : लहानपणापासून खोटं बोलायचं झालं की तू माझ्यावरच ओरडतेस. काय झालंय?

तपासनीस : काही नाही.

धाकटा : ताई. झडप ना?

तपासनीस : थंडीत तपासलीच नाही रे. माझ्याच तोंडून चालेल गेलं. नको जाऊस. पाया पडते तुझ्या.

धाकटा : अगं, रडतेस काय? ऊठ आधी. बरं, नाही जात. मग?

तपासनीस : मग काही नाही. तू घरी चल.

धाकटा : आणि यान?

तपासनीस : जाईल.

धाकटा : रिकामं?

तपासनीस : राखीव आहे ना ती.

धाकटा : तिला माहीत आहे हे?

तपासनीस : नाही.

धाकटा : काल तिची आई फोनवर फार रडत होती. तिनंच आईची समजूत काढली. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, कधी माझी पाळी आली तरी घाबरू नकोस, इथं तपासायला याची ताई आहे.