दोनशे वीस गुणी नवरे

विभागप्रमुख : अगं, पण हा अर्ज घरी द्यायचास ना. पाऊण तास बाहेर बाकावर बसलीस म्हणे, शिपाई काय म्हणत असेल!

विद्यार्थिनी : म्हणाला, काकू, सर कामात आहेत. मी म्हटलं, असू देत, लग्न झाल्यापासून ऐकतेय.

विभागप्रमुख : घरी निवांत बोललो असतो.

विद्यार्थिनी : घरी तुम्ही पेपर वाचता. इथे निदान समोरच्याचा कागद वाचावा लागतो. लघुप्रबंधाच्या विषयावर विभागप्रमुखांची सही हवी, आज पाचच्या आत.

विभागप्रमुख : बायकोच्या अर्जावर सही करायला कितीसा वेळ लागतो? आण इकडे. विषय काय घेतलास, भरतकाम?

विद्यार्थिनी : भरतकाम समाजशास्त्राच्या एम.ए.ला नसतं. वाचा.

विभागप्रमुख : ‘नोकरदार जोडप्यांमधील घरकामाची विभागणी : एक पुनर्सर्वेक्षण.’ अगं, हा तर माझा विषय!

विद्यार्थिनी : म्हणून तर ‘पुनर्’. तीच वस्ती, तितकीच घरं, तीच प्रश्नावली. फक्त या वेळी खरंच लोकांच्या घरी जायचं.

विभागप्रमुख : हळू बोल. दार उघडं आहे.

विद्यार्थिनी : मग उठून लावा की.

विभागप्रमुख : शिपायाला सांगतो.

विद्यार्थिनी : राहू दे.

विभागप्रमुख : हे बघ, माझा अभ्यास क्रमिक पुस्तकात आहे. ‘नवरे रोज सरासरी एक तास चाळीस मिनिटं घरकाम करतात.’ पोरं पाठ करतात ते वाक्य.

विद्यार्थिनी : मीही केलं. मागच्या परीक्षेला पाच मार्कांना आलं होतं, साडेचार पडले.

विभागप्रमुख : अर्धा कशाला गेला?

विद्यार्थिनी : संशोधकाचं नाव लिहायला विसरले.

विभागप्रमुख : टोमणे मारायला आलीस का?

विद्यार्थिनी : टोमणे घरीही मारता आले असते. दोनशे चाळीस घरं ठरली होती. वीस झाली आणि तुम्हाला ऊन लागलं. उरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आपटलात आणि म्हणालात, ‘तेवढं जरा अंदाजानं भर, तुला घरातलं कळतं.’

विभागप्रमुख : तेव्हा सगळेच थोडंफार तसं...

विद्यार्थिनी : मी थोडंफार नाही, हौसेनं भरलं. मुलगा आठ महिन्यांचा, कडेवर. एका हातानं त्याला धरायचं, दुसऱ्या हातानं लोकांचे नवरे कामाला लावायचे. कुणाला भांडी घासायला, कुणाला दुपटी धुवायला. एकशे सतरा नंबरचा तर इतका गुणी निघाला की शेवटी त्याला रविवारची सुट्टी दिली. तीन पेनं वापरली, अक्षर बदलायला काही फॉर्म डाव्या हातानं लिहिले. तुमची सरासरी म्हणजे माझी त्या वेळची इच्छा होती, दुसरं काही नाही.

विभागप्रमुख : मग जरा कमी लिहायचंस!

विद्यार्थिनी : कमीच केलं होतं. आधी अडीच तास येत होते.

विभागप्रमुख : बरं, झालं ते झालं. कुणाचं काय बिघडलं त्यानं?

विद्यार्थिनी : कॉलेजचं पाळणाघर आठवतं? नवरे एवढी मदत करतात तर पाळणाघर हवंय कशाला, असा ठराव झाला. आधार तुमच्या आकड्याचा. समितीचे चिटणीसही तुम्हीच. माझं तेव्हा एम.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं, मुलगा त्याच पाळणाघरात. म्हणजे माझ्याच हातच्या दोनशे वीस नवऱ्यांनी मला घरी बसवलं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. सव्वीस वर्षांनी आलं ते पुढचं वर्ष.

विभागप्रमुख : अगं, ही सरळ सरळ सूडबुद्धी आहे!

विद्यार्थिनी : त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. ‘अभ्यासाचे प्रयोजन’ असा आहे, तो भरलाय. उपयोजित संशोधन म्हणजे ज्याचा कुणाला तरी थेट उपयोग होतो ते, असं तुमच्याच टिपणांत आहे.

विभागप्रमुख : कुणाला उपयोग?

विद्यार्थिनी : सुरुवात माझ्यापासून.

विभागप्रमुख : पद्धत काय धरलीस? पुरुषांना विचारशील तर ते वाढवूनच सांगणार.

विद्यार्थिनी : म्हणून विचारणारच नाही. सात दिवस घड्याळ लावून नोंदी. एका घरात चाचणीही घेऊन झाली.

विभागप्रमुख : कुणाच्या?

विद्यार्थिनी : नाव गुप्त ठेवायचं असतं. पुरुष, वय एकोणसाठ, व्यवसाय अध्यापन. सात दिवसांत एकूण अकरा मिनिटं.

विभागप्रमुख : अकरा? परवा गॅस मी बंद केला!

विद्यार्थिनी : ते एक मिनिट त्यात आहे. उरलेली दहा तुम्ही चष्मा शोधत होतात. घरात इकडेतिकडे फिरत होतात, म्हणून घरकामात धरली. कुणी म्हणायला नको, संशोधिकेनं अन्याय केला.

विभागप्रमुख : मी सही करणार नाही.

विद्यार्थिनी : चालेल. खाली कारण लिहा. नाकारलेला अर्ज संशोधन समितीकडे जातो आणि समिती जुन्या अभ्यासाचे मूळ फॉर्म मागवते. नियम तुम्हीच केलाय.

विभागप्रमुख : मूळ फॉर्म केव्हाच रद्दीत गेले.

विद्यार्थिनी : रद्दीत द्यायला तुम्ही सांगितलंत. द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते मी केलं नाही.

विभागप्रमुख : पण अक्षर तुझं आहे त्यावर! तूच अडकशील, कळतंय का?

विद्यार्थिनी : पान चार बघा, ‘पूर्वीच्या अभ्यासाच्या मर्यादा’. ‘दोनशे वीस प्रतिसाद प्रस्तुत संशोधिकेने स्वतः भरले होते.’ मॅडम म्हणाल्या, हे वाक्य अजिबात बदलू नका.

विभागप्रमुख : कोण मॅडम? त्या? ज्यांची बढती...

विद्यार्थिनी : सात वर्षं अडवलीत, त्याच. माझ्या मार्गदर्शक. फार मन लावून शिकवतात.

विभागप्रमुख : चार महिन्यांत मी निवृत्त होतोय. त्यानंतर तरी कर.

विद्यार्थिनी : प्रबंध तीन महिन्यांत द्यायचाय. वेळापत्रक काही मुद्दाम जुळवलेलं नाही. म्हणजे, फारसं नाही.

विभागप्रमुख : आणि मी माफी मागितली तर?

विद्यार्थिनी : माफी गुणात्मक माहितीत मोडते. माझा अभ्यास संख्यात्मक आहे.

विभागप्रमुख : तू अशी नव्हतीस गं.

विद्यार्थिनी : त्याचं सर्वेक्षण कुणी केलं होतं? पाचला सात मिनिटं कमी आहेत.

(तो सही करतो.)

विद्यार्थिनी : तारीखही घाला.

विभागप्रमुख : घातली. आता एक सांग. तेव्हाच का नाही म्हणालीस, की मी हे खोटं भरणार नाही?

विद्यार्थिनी : आले होते सांगायला. पहिलाच फॉर्म हातात घेऊन. तुम्ही झोपला होतात.

विभागप्रमुख : मग उठवायचंस ना मला!

विद्यार्थिनी : तुमच्या शेजारी मुलाला नुकतंच झोपवलं होतं.